शैक्षणिक क्रीडा

शैक्षणिक क्रीडा : ज्या खेळाची रचना केवळ मनोरंजनासाठी नव्हे, तर पूर्वनियोजित असे काही निश्चित ज्ञान वा कौशल्य देण्यासाठी केलेली असते आणि ज्याच्या नियमांत प्रत्यक्ष व्यवहारातील एखाद्या प्रक्रियेचे प्रतिरूप उतरविलेले असते, त्या खेळास शैक्षणिक वा प्रशिक्षण क्रीडा म्हणतात. इंग्रजीत अशा खेळांना ‘सीरियस गेम्स’ हे नाव रूढ आहे. ते मुख्यतः क्लार्क ॲब्ट या अमेरिकन अभियंत्याच्या १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या याच नावाच्या ग्रंथामुळे प्रचारात आले. ही संज्ञा वरकरणी परस्परविरोधी वाटते; परंतु ॲब्ट यांच्या विवेचनाचा रोख असा की, खेळात रमणे आणि खेळातून गंभीर काही शिकणे यांत मूलतः विरोध नाही.

फ्रबेल व माँटेसरी यांच्या पद्धतींत बालकाच्या स्वाभाविक क्रीडावृत्तीला वाव दिलेला असतो. तेथे खेळ हे वाढीचे माध्यम आहे. वैमानिकांच्या प्रशिक्षणात १९३० नंतर रूढ झालेल्या लिंक ट्रेनरसारख्या यंत्रात उड्डाणाच्या हालचालींचा सराव होतो. तेथे प्रतिस्पर्धी नसतो, जयपराजय नसतो. शैक्षणिक क्रीडा या दोहोंहून वेगळी आहे. तीत खेळाडूला एखादी भूमिका दिलेली असते, अपुऱ्या माहितीवर ठरावीक वेळात निर्णय घ्यावा लागतो, त्या निर्णयाचे फळ नियमांनुसार मिळते आणि खेळ संपल्यावर काय घडले व का घडले याची चर्चा होते. ही क्रीडोत्तर चर्चा हा खेळाचा अविभाज्य भाग होय. प्रस्तुत नोंदीत अशा खेळांचा प्रशिक्षणाच्या व शाळेच्या अभ्यासक्रमांत प्रवेश कसा झाला, याचा इतिहास प्रामुख्याने दिला आहे.

खेळातून शिकविण्याची कल्पना प्राचीन आहे. ईजिप्तमधील मुलांना खेळांच्या द्वारे अंकगणित शिकवीत, असा उल्लेख प्लेटोच्या लॉज या संवादात आढळतो. भारतात ज्ञानचौपड व महाराष्ट्रात मोक्षपट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सोपानपटांवर सद्‌गुणांच्या शिड्या व दुर्गुणांचे सर्प रेखाटलेले असत. मोक्षपटाचे कर्तृत्व परंपरेने ज्ञानेश्वरांकडे दिले जाते. परंतु त्यास समकालीन पुरावा नाही. इंग्लंडमध्ये जॉन जेफ्रीझ याने १७५९ मध्ये यूरोपच्या प्रवासाचा एक पट छापून भूगोलाच्या शिक्षणाला खेळाची जोड दिली. तथापि या सर्व खेळांत खेळाडूच्या निर्णयाला फारसे स्थान नव्हते. फासा पडेल त्याप्रमाणे सोंगटी चाले आणि बोध घरांवर लिहिलेला असे. मोक्षपटाच्या बाबतीत तर दैवाधीनता हाच बोधाचा भाग होता, असे म्हणता येईल. खेळाडूच्या निर्णयातून शिक्षण घडविणारा पहिला खेळ मात्र शाळेत नव्हे, तर सैन्यात जन्मास आला.

प्रशियातील युद्धक्रीडा : ब्रन्सविक येथील गणितज्ञ योहान हेल्व्हिख (१७४३–१८३१) याने १७८० मध्ये बुद्धिबळाच्या धर्तीवर १,६१७ घरांचा एक युद्धपट प्रसिद्ध केला. निरनिराळ्या रंगांच्या घरांनी डोंगर, दलदल, नदी असे भूप्रदेश दर्शविले जात. चौरस घरांच्या या चौकटीतून खेळ बाहेर काढला तो राइसव्हिट्स पितापुत्रांनी. पिता गेओर्क लेओपोल्ट फोन राइसव्हिट्स हा ब्रेस्लौ (सध्याचे पोलंडमधील व्हरॉट्सवाफ) येथे मुलकी अधिकारी होता. त्याने १८१२ मध्ये प्रशियाचा राजा तिसरा फ्रीड्रिख व्हिल्हेल्म यास भूप्रदेशाचे सुटे ठोकळे मांडता येतील असे एक शोभिवंत मेज अर्पण केले. ते राजवाड्यातील करमणुकीचे साधन होऊन राहिले. पुत्र गेओर्क हाइन्रिख (१७९४–१८२७) हा तोफखान्यातील लेफ्टनंट. त्याने मेज बाजूला सारून १ : ८,००० प्रमाणावरील प्रत्यक्ष नकाशे घेतले आणि १८२४ मध्ये आपली नियमावली प्रसिद्ध केली.

या नियमावलीतील तीन गोष्टी पुढील दोनशे वर्षांतील बहुतेक सर्व शैक्षणिक क्रीडांत कोणत्या ना कोणत्या रूपाने आढळतात. पहिली म्हणजे काळाचे एकक : एक डाव म्हणजे प्रत्यक्षातील दोन मिनिटे आणि तेवढ्या वेळात पायदळ वा घोडदळ जेवढे अंतर काटू शकेल तेवढीच हालचाल. दुसरी म्हणजे अनिश्चितता : गोळीबाराचा परिणाम फाशाने ठरे, परंतु फाशाची कोष्टके मनाने बनविलेली नसून तोफा-बंदुकांच्या प्रत्यक्ष चाचण्यांच्या निष्कर्षांवर आधारलेली होती. तिसरी व सर्वांत महत्त्वाची म्हणजे मध्यस्थ किंवा पंच. दोन्ही पक्षांचे सेनानी आपले हुकूम त्याच्याकडे लेखी देत आणि शत्रूच्या ज्या तुकड्या प्रत्यक्ष रणांगणावर दिसू शकल्या असत्या, तेवढ्याच तो नकाशावर मांडी. रणांगणावरील संदिग्धता अशा रीतीने प्रथमच वर्गात आणता आली.

सरसेनाध्यक्ष कार्ल फोन म्यूफलिंग याने हा खेळ प्रथम काहीशा अनिच्छेनेच पाहिला. खेळ पुढे सरकू लागल्यावर मात्र हा खेळ नसून युद्धाचे विद्यालयच आहे, अशा आशयाचे उद्‌गार त्याने काढल्याचे सांगतात. त्याच वर्षी लष्करी साप्ताहिकातून त्याने खेळाची शिफारस केली आणि राजाज्ञेने तो पलटणींना पुरविण्यात आला. कनिष्ठ अधिकाऱ्याला मिळालेली ही प्रतिष्ठा अनेकांना रुचली नाही. राइसव्हिट्सची बदली तोर्गाउ येथील किल्ल्यावर झाली आणि १८२७ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. त्याच्या पश्चात खेळ टिकला तो अधिकाऱ्यांच्या मंडळांमुळे व पुढे सेनाध्यक्ष झालेल्या हेल्मूट फोन मोल्ट्केच्या पाठिंब्यामुळे.

नियम वाढत गेले तसा खेळ संथ व क्लिष्ट झाला. कोष्टके चाळण्यातच वेळ जातो व पंचाचे काम करण्यास कोणी राजी होत नाही, अशा तक्रारी येऊ लागल्या. याकोप मेकेल याने १८७३ मध्ये या दोषांची चिकित्सा केली. युलिउस फोन व्हेर्डी द्यू व्हेर्न्‌वा याने १८७६ मध्ये कोष्टके व फासे जवळजवळ काढूनच टाकले आणि निर्णय अनुभवी पंचाच्या तारतम्यावर सोपविला. यांतील पहिल्या प्रकारास नियमबद्ध व दुसऱ्यास मुक्त युद्धक्रीडा म्हणतात. नियमबद्ध खेळात पंच सामान्य कुवतीचा चालतो, पण वेळ फार लागतो. मुक्त खेळ झपाट्याने होतो, पण पंचाच्या मतालाच सत्याचे स्थान मिळते. शिक्षकाने खेळ कसा चालवावा या आजच्या वादाचे मूळ येथे आहे आणि त्याचा निर्णय अद्याप लागलेला नाही.

फ्रान्स-प्रशिया युद्धातील (१८७०–७१) प्रशियाच्या विजयानंतर इतर देशांनीही युद्धक्रीडा स्वीकारली. मेकेल १८८५ मध्ये जपानच्या लष्करी महाविद्यालयात अध्यापक म्हणून गेला. प्रशियाच्या विजयाचे श्रेय या खेळाला कितपत द्यावे, याविषयी मात्र अतिशयोक्तीच अधिक आढळते.

अभ्यासक्रमात समावेश : खेळाला पलटणीच्या मेजावरून उचलून अभ्यासक्रमाच्या मध्यभागी ठेवण्याचे श्रेय अमेरिकेतील न्यूपोर्ट येथील नाविक युद्ध महाविद्यालयाकडे (स्थापना १८८४) जाते. निवृत्त लेफ्टनंट विल्यम मॅकार्टी लिटल यांनी तेथे १८८७ च्या सुमारास युद्धक्रीडेवर व्याख्याने देण्यास प्रारंभ केला. १८९४ मध्ये, हेन्री टेलर प्रमुख असताना, ती नियमित पाठ्यक्रमाचा भाग झाली. तेथे खेळ एकटा येत नसे. विद्यार्थी-अधिकाऱ्याला प्रथम एक समस्या दिली जाई. तिचा तो लेखी विचार करी, आपली योजना व हुकूम तयार करी, ते पटावर पणास लावी आणि शेवटी सर्वांसमोर त्याची चिकित्सा होई. खेळ हा वाचन, लेखन व टीका यांच्या साखळीतील एक दुवा होता. अभ्यासक्रमात खेळ ‘समाविष्ट करणे’ याचा नेमका अर्थ या उदाहरणावरून जितका स्पष्ट होतो, तितका नंतरच्या पुष्कळ ग्रंथांवरूनही होत नाही.

दोन महायुद्धांच्या दरम्यान न्यूपोर्ट येथे तीनशेहून अधिक खेळ खेळले गेले व त्यांपैकी बहुतेकांत प्रतिस्पर्धी जपान होता. १९२३ मध्ये तेथून उत्तीर्ण झालेले ॲड्‌मिरल चेस्टर निमिट्‌स यांनी पुढे असे नमूद केले की, पॅसिफिकमधील युद्धात आत्मघातकी विमानहल्ल्यांखेरीज अनपेक्षित असे काही घडले नाही, कारण बाकी सर्व पटावर आधीच घडून गेले होते. हे विधान अक्षरशः घेण्याचे कारण नाही. पटावरील आरंभीचे विजय बरेचसे युद्धनौकांच्या रांगांनी मिळविलेले असत आणि विमानवाहू जहाजांचे महत्त्व हळूहळूच ध्यानात आले. परंतु पॅसिफिक ओलांडण्यास किती काळ, किती इंधन व किती तळ लागतील, याचा अंदाज एका पिढीच्या अधिकाऱ्यांना हरता हरता आला, हे खरे.

याच्या उलट उदाहरण जपानी नौदलाचे आहे. मित्सुओ फुचिदा यांच्या वृत्तान्तानुसार मिडवेच्या लढाईपूर्वी, मे १९४२ मध्ये, झालेल्या युद्धक्रीडेत पंचाने फासे टाकून जपानी विमानवाहू जहाजांवर नऊ बाँब पडल्याचा व दोन जहाजे बुडाल्याचा निर्णय दिला. प्रमुख पंच ॲड्‌मिरल उगाकी यांनी तो तत्काळ बदलून बाँबची संख्या तीनवर आणली, आणि बुडालेले एक जहाज पुढील खेळात पुन्हा अवतरले. फुचिदा यांच्या कथनातील तपशील काही इतिहासकार ग्राह्य मानत नाहीत. पंचाच्या अधिकाराचा असा वापर होऊ शकतो, हे मात्र त्यावरून दिसते. वरिष्ठांना नको असलेला निकाल खेळातून निघाला, तर तो मान्य करण्याची संस्थेची तयारी आहे की नाही, यावर खेळाचे शैक्षणिक मूल्य अवलंबून असते.

लिव्हरपूलचा वर्ग : प्रशिक्षणाच्या इतिहासात अत्यंत उद्‌बोधक, पण दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेला प्रयोग ब्रिटिश नौदलाने लिव्हरपूल येथे केला. अटलांटिक महासागरातील व्यापारी जहाजांच्या तांड्यांवर जर्मन पाणबुड्यांचे हल्ले वाढल्यामुळे जानेवारी १९४२ मध्ये कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्‌स यांच्याकडे एक डावपेच-केंद्र सोपविण्यात आले. क्षयरोगामुळे ते युद्धापूर्वीच सेवेतून निवृत्त झाले होते. त्यांना मदतीस मिळाले मोजके अधिकारी आणि नौदलाच्या महिला दलातील तरुण मुली, ज्यांपैकी बहुतेकींनी समुद्रावर कधी पाऊल टाकलेले नव्हते.

डर्बी हाउस या इमारतीच्या वरच्या मजल्यावर लिनोलियमच्या फरशीवर चौकटी आखून समुद्र तयार करण्यात आला. रक्षकजहाजांचे नेतृत्व करणारे अधिकारी कापडी पडद्यांआड बसत व पडद्याच्या फटीतून त्यांना फरशीचा तेवढाच भाग दिसे, जेवढा त्यांना त्यांच्या जहाजाच्या पुलावरून दिसला असता. रक्षकजहाजांचे मार्ग पांढऱ्या खडूने आणि पाणबुडीचे मार्ग अशा हिरव्या रंगाने रेखाटत की, फटीतून तिरकस पाहणाऱ्याला ते दिसू नयेत. दर डावास दोन मिनिटांची मुदत असे. मुली हुकुमांच्या चिठ्ठ्या नेत, जहाजे सरकवीत आणि कित्येकदा पाणबुडीच्या बाजूने स्वतः खेळत.

पाणबुड्या तांड्याच्या बाहेरून पाणतीर सोडतात, असा तोवर नौदलाचा समज होता. नोंदवलेल्या हल्ल्यांची फरशीवर पुनर्रचना करताना रॉबर्ट्‌स व त्यांच्या सहायकांना हिशेब जुळेना. पाणबुडी रात्री पृष्ठभागावरून, मागच्या बाजूने तांड्याच्या रांगांत शिरते, जवळून मारा करते आणि मग बुडी मारून तांडा डोक्यावरून पुढे जाऊ देते, असे मानले तरच नोंदी जुळत होत्या. म्हणजे रक्षकजहाजे बाहेर धाव घेत, तेव्हा शत्रू मागे, तांड्याच्या शेपटाशी असे. यावरून मागील बाजूस शिस्तबद्ध शोध घेण्याचा जो डावपेच बसविण्यात आला, त्यास सहायक जीन लेडलॉ यांनी ‘रास्पबेरी’ हे नाव दिले. इंग्रजी बोलीत या शब्दाचा अर्थ तोंडाने काढलेला उपहासाचा आवाज असा आहे; हिटलरला तो ऐकवायचा होता.

सहा दिवसांचा एक पाठ्यक्रम ठरविण्यात आला. जुलै १९४५ मध्ये केंद्र बंद होईपर्यंत मित्रराष्ट्रांच्या नौदलांतील सुमारे ५,००० अधिकारी त्यातून गेले. येथे संशोधन आणि अध्यापन ही दोन कामे एकाच फरशीवर चालत. समुद्रावरून परतलेला अधिकारी आपला अनुभव सांगे, त्याचा खेळ बने आणि पुढच्या आठवड्यातील विद्यार्थी तो खेळत. अभ्यासक्रम असा सतत ताजा राहण्याची उदाहरणे दुर्मिळच. केंद्रात काम केलेल्या स्त्रियांचा वाटा व्यापक वाचकवर्गाला ज्ञात होण्यास मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले.

व्यवस्थापन-शिक्षण : कारखान्यातील उत्पादनाच्या नियोजनासाठी क्रीडेचा उपयोग प्रथम सोव्हिएट रशियात झाला. मेरी बिर्स्टाइन यांनी १९३२ मध्ये लेनिनग्राड येथे टंकयंत्रांच्या कारखान्यातील उत्पादनबदलाची अशी एक क्रीडा तयार केली. अमेरिकेत रँड कॉर्पोरेशनने १९५५ मध्ये हवाई दलाच्या पुरवठाव्यवस्थेवर ‘मोनोपोलॉग्ज’ ही क्रीडा रचली आणि पाठोपाठ अमेरिकन व्यवस्थापन संघटनेने वरिष्ठ व्यवस्थापकांसाठी संगणकाच्या साहाय्याने चालणारी निर्णयक्रीडा तयार केली (१९५६–५७). विद्यापीठांनी हे खेळ लगोलग उचलले. अनेक खेळ आले आणि गेले. मॅसॅचूसेट्‌स तंत्रविद्या संस्थेत जे फॉरेस्टर यांच्या प्रणाली-गतिकीच्या विचारातून १९६० च्या सुमारास निघालेला बिअर-वितरणाचा खेळ मात्र आजही भारतासह जगभरच्या व्यवस्थापन-संस्थांत खेळला जातो.

हा खेळ दिसण्यास अगदी साधा आहे. किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक व कारखाना असे चार खेळाडू एका साखळीत असतात. मागणी नोंदविल्यापासून माल हाती येईपर्यंत काही आठवडे लागतात आणि खेळाडूंनी आपसांत बोलायचे नसते. ग्राहकाची मागणी संपूर्ण खेळात एकदाच बदलते : आठवड्याला चार पेट्यांची आठ होते व पुढे तेवढीच राहते. तरीही जवळजवळ प्रत्येक वेळी साखळीत प्रथम तीव्र टंचाई व नंतर मालाचे ढीग असे हेलकावे उत्पन्न होतात आणि कारखान्याच्या टोकाशी ते सर्वांत मोठे असतात. चर्चेच्या वेळी खेळाडू एकमेकांना किंवा ‘चंचल ग्राहकाला’ दोष देतात. मागणीचा खरा आलेख फळ्यावर काढला की वर्ग शांत होतो. दोष व्यक्तींचा नसून रचनेचा आहे, ही गोष्ट व्याख्यानातून सांगता येते. पटते ती अशा वेळी.

शाळांतील प्रवेश : शाळांत हे खेळ आले ते १९६० नंतर आणि तेही प्रथम समाजशास्त्रज्ञांच्या हातून. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात हॅरल्ड गेट्‌स्को यांनी १९५७–५८ मध्ये आंतरराष्ट्रीय संबंधांवर रचलेल्या क्रीडेच्या सुलभ आवृत्त्या शाळांत वापरल्या गेल्या. या चळवळीस तात्त्विक बैठक दिली ती जॉन्स हॉपकिन्झ विद्यापीठातील जेम्स कोलमन (१९२६–९५) यांनी. माध्यमिक शाळांतील किशोरांच्या समाजाचा अभ्यास करताना (१९६१) त्यांना दिसले की, मैदानावरील खेळाडूला सवंगड्यांत मान मिळतो, अभ्यासू मुलाला मिळत नाही. कारण खेळाडू शाळेसाठी जिंकतो, तर अभ्यासू मुलगा गुणांच्या चढाओढीत सोबत्यांनाच मागे टाकतो. अभ्यासालाच सांघिक स्पर्धेचे रूप द्यावे, ही सूचना त्यातून निघाली. शिक्षक हा एकाच वेळी मार्गदर्शक व न्यायाधीश असतो, हा वर्गातील मूळ दोष असून खेळात न्यायदानाचे काम नियमांकडे जाते, असाही त्यांचा युक्तिवाद होता. कोलमन, सॅरेन बुकॉक व त्यांचे सहकारी यांनी विधिमंडळाचे कामकाज, ग्राहकाचे निर्णय, व्यक्तीची शिक्षण-नोकरी-संसार यांविषयीची निवड इ. विषयांवर अनेक खेळ तयार केले.

संगणकाच्या साहाय्याने शाळेत शिकविण्यासाठी रचलेला एक अगदी आरंभीचा खेळ प्राथमिक शिक्षिकेने लिहिलेला आहे, ही गोष्ट मुद्दाम नमूद करण्यासारखी आहे. न्यूयॉर्क राज्यातील वेस्टचेस्टर परगण्याच्या शैक्षणिक सेवा मंडळाने आयबीएम कंपनीच्या सहकार्याने १९६४–६६ मध्ये ‘द सुमेरियन गेम’ तयार केला. त्याची संहिता चौथीच्या वर्गावर शिकविणाऱ्या मेबल ॲडिस (१९१२–२००४) यांची होती. सहावीतील विद्यार्थी इ. स. पू. ३५०० च्या सुमाराच्या लागाश नगरीचा राजा होई आणि हंगामात आलेल्या धान्यापैकी खाण्यास किती, बियाण्यास किती व कोठारात किती ठेवावे हे दूरमुद्रकावरून कळवी. दूर ठेवलेला मध्यवर्ती संगणक त्यावरून पुढील हंगामाची लोकसंख्या व पीक यांचा हिशेब पाठवी. अनुदान संपताच प्रकल्प बंद पडला. एका विद्यार्थ्यामागे एक टंकयंत्र व सर्वांमागे एक खर्चिक संगणक, हे गणित कोणत्याही शाळेला त्या काळी परवडणारे नव्हते.

‘द ऑरेगन ट्रेल’ या खेळाचा प्रवास याहून भाग्यशाली ठरला. मिनीॲपोलिस येथे अध्यापनाचा सराव करणारा डॉन राविच व त्याचे मित्र बिल हाइनमन आणि पॉल डिलेनबर्गर यांनी तो इतिहासाच्या वर्गासाठी लिहिला व ३ डिसेंबर १९७१ रोजी प्रथम मुलांना खेळावयास दिला. सत्र संपताच त्यांनी तो संगणकावरून पुसून टाकला; उरले ते कागदावर छापलेले आदेश. १९७४ मध्ये राविच मिनेसोटा राज्याच्या शैक्षणिक संगणन संस्थेत नोकरीस लागल्यावर त्याने तो पुन्हा टंकलिखित केला आणि प्रवाशांच्या रोजनिश्या वाचून रोगराई, वादळे, अपघात यांची वारंवारता त्या आधारे बदलली. राज्यातील शाळा एका संगणकजालाने जोडलेल्या असल्यामुळे खेळ सर्वत्र पोहोचला व पुढे घरगुती संगणकांमुळे देशभर गेला. खेळ चांगला असून चालत नाही, तो शाळेच्या दारापर्यंत नेणारी सार्वजनिक यंत्रणा असावी लागते, हे सुमेरियन खेळाशी तुलना करता दिसून येते.

याच खेळाच्या निमित्ताने आणखी एक प्रश्न पुढे आला. गाडीतून पश्चिमेस निघालेले वसाहतवाले एवढीच भूमिका खेळाडूला मिळत असल्याने ज्यांच्या भूमीवरून ही वाट जात होती ते मूळ रहिवासी खेळात केवळ वाटेतील घटना म्हणून उरले. पाठ्यपुस्तकातील पक्षपात वाक्यांत असतो व तो खोडता येतो. खेळातील पक्षपात नियमांत असतो आणि मुले तो नकळत आत्मसात करतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या आवृत्तीसाठी मूळ रहिवाशांच्या इतिहासाच्या अभ्यासकांचे साहाय्य घेण्यात आले. गॅरी शर्ट्‌स यांच्या ‘स्टारपॉवर’ (१९६९) या क्रीडेत तर नियम बदलण्याचा अधिकार श्रीमंत गटाला देऊन अन्याय्य नियम कसे तयार होतात, हाच अभ्यासाचा विषय केलेला आहे.

परिणामकारकतेचा वाद : या खेळांमुळे मुले अधिक शिकतात काय, या प्रश्नाची उत्तरे चमत्कारिक आहेत. क्लीओ चेरीहोम्स यांनी १९६६ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन असे दाखविले की, खेळाने विद्यार्थ्यांची आस्था वाढते; परंतु माहितीचे ग्रहण, धारणा व चिकित्सक विचार यांत नेहमीच्या अध्यापनाहून लक्षणीय फरक पडत नाही. १९९२ मध्ये जोसेफाइन रँडेल व सहकाऱ्यांनी साठाहून अधिक अभ्यास तपासले. त्यांपैकी निम्म्याहून अधिकांत फरक आढळला नाही, उरलेल्यांपैकी बहुतेकांचा कौल खेळाच्या बाजूने होता. २०१३ मध्ये नेदर्लंड्समधील पीटर व्हाउटर्स व सहकाऱ्यांच्या व्यापक विश्लेषणात नेमके उलट चित्र दिसले : खेळाने अध्ययन व धारणा सुधारते, पण प्रेरणा विशेष वाढत नाही. एका पिढीला खेळ रंजक पण निष्फळ आणि दुसरीला फलदायी पण फारसा रंजक नाही असा आढळावा, याचे कारण मुख्यत्वे खेळांत व मोजमापाच्या पद्धतींत झालेल्या बदलांत असावे. खेळावाचून कंटाळलेला विद्यार्थी १९६६ मध्ये जितका सहज सापडे, तितका २०१३ मध्ये सापडत नव्हता, हेही लक्षात घ्यावे लागेल. व्हाउटर्स यांच्या विश्लेषणातील दुसरा निष्कर्ष अधिक उपयुक्त आहे : खेळाला अन्य अध्यापनाची जोड दिल्यास, तो एकाहून अधिक वेळा व गटाने खेळल्यास परिणाम वाढतो. न्यूपोर्ट येथील १८९४ चा पाठ्यक्रम असाच होता.

खेळ व्याख्यानाहून श्रेष्ठ काय, हा प्रश्नच मुळात सदोष वाटतो. कोणता खेळ, कशासाठी, त्याआधी व नंतर काय, हे सांगितल्याशिवाय त्यास उत्तर नाही. वैद्यकाच्या क्षेत्रात हे अधिक नेटकेपणाने झाले आहे. कर्करोगग्रस्त किशोर व तरुणांसाठी तयार केलेल्या ‘री-मिशन’ (२००६) या खेळाची चाचणी तीन देशांतील ३४ रुग्णालयांत ३७५ रुग्णांवर घेण्यात आली. खेळणाऱ्यांत औषधे नियमित घेण्याचे प्रमाण वाढल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे अपेक्षित वर्तन एकच व मोजता येण्याजोगे होते. इतिहासाच्या तासाला अशी सोय नसते.

अलीकडील स्थिती : वॉशिंग्टन येथील वुड्रो विल्सन केंद्राने २००२ मध्ये हाती घेतलेल्या उपक्रमामुळे ‘सीरियस गेम्स’ ही संज्ञा संगणकीय खेळांसाठी रूढ झाली. त्याच वर्षी अमेरिकन भूसेनेने सैन्यभरतीच्या प्रचारासाठी ‘अमेरिकाज आर्मी’ हा खेळ विनामूल्य खुला केला. तो २०२२ मध्ये बंद करण्यात आला. शिक्षण व प्रचार यांतील सीमारेषा या क्षेत्रात किती पुसट आहे, हे त्यावरून कळते. न्यूयॉर्क येथे २००९ मध्ये संपूर्ण अभ्यासक्रम खेळाच्या तत्त्वांवर रचणारी ‘क्वेस्ट टू लर्न’ ही सार्वजनिक शाळा सुरू झाली. तिच्या स्थापनेमागे असलेली ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्ले’ ही संस्था २०१९ मध्ये बंद झाली. संस्थेतील रचनाकार वर्गात शिक्षकांसमवेत बसून खेळ तयार करीत. ही व्यवस्था मनुष्यबळाच्या दृष्टीने महाग होती.

भारताशी थेट संबंध असलेली एक क्रीडा म्हणजे ब्रिटिश भूगोलज्ञ ग्रॅहम चॅपमन यांनी बिहारमधील शेतीच्या अभ्यासावरून रचलेली हरितक्रांतीची क्रीडा. प्रत्येक खेळाडू एका शेतकरी कुटुंबाचा प्रमुख असतो. जमीन, माणसे, बी-बियाणे, खत आणि बेभरवशाचा पाऊस यांचा मेळ घालून त्याला वर्ष काढावे लागते. नवे बियाणे सुचविणारा अधिकारी खेळात शेतकरी झाला की, ते बियाणे घेण्यास तोही कचरतो. कारण पाऊस चुकला तर कर्ज अंगावर राहते. विकास-प्रशासन व ग्रामीण विकास यांच्या प्रशिक्षणवर्गांत या क्रीडेचा उपयोग झाला आहे.

राष्ट्रीय शिक्षण धोरणाने (२०२०) पायाभूत स्तरावर क्रीडाधारित अध्यापनाचा पुरस्कार केला. त्यानुसार राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्ये खेळण्यांवर आधारित अध्यापनाची पुस्तिका प्रसिद्ध केली आणि तीन ते आठ वर्षे वयोगटासाठी ‘जादुई पिटारा’ हा साहित्यसंच फेब्रुवारी २०२३ मध्ये उपलब्ध झाला. हा भर मुख्यतः बालवयावर आहे. वरच्या वर्गांत क्रीडेपुढे दोन व्यावहारिक अडचणी येतात. एक, खेळ व त्यानंतरची चर्चा मिळून सलग दोन तास तरी हवेत, तर शाळेचे वेळापत्रक पाऊणएक तासाच्या तासिकांचे असते; वेळ अपुरा पडला की प्रथम चर्चाच गळते. दुसरी अडचण परीक्षेची. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणे, प्रतिपक्षाच्या बाजूने विचार करणे, स्वतःच्या योजनेची चिकित्सा ऐकून घेणे या गोष्टी खेळातून साध्य होतात. त्यांना लेखी प्रश्नपत्रिकेत गुण नाहीत. युद्ध महाविद्यालयांत व व्यवस्थापन-संस्थांत क्रीडा टिकून राहिली, कारण तेथे योजनेचा लेखी आराखडा व नंतरची चिकित्सा यांनाच मूल्यमापनात स्थान होते. माध्यमिक शाळेत तसे करावयाचे झाल्यास प्रत्येक विद्यार्थ्याची खेळापूर्वीची टिपणे व खेळानंतरचे निवेदन शिक्षकाला वाचावे लागेल आणि पन्नास-साठ मुलांच्या वर्गात ते काम कोणी व केव्हा करावयाचे, हे वेळापत्रक ठरविणाऱ्यांनाच आधी ठरवावे लागेल.